जोडले की बुडवले?

इंग्रजीतला ‘ॲनेक्स’ मूळचा लॅटिन. अर्थ नुसता बांधणे, जोडणे. कराराचे परिशिष्ट आणि हॉटेलची जोडइमारत त्याच कुळातली. मुलूख गिळणाऱ्यांना इतका निरुपद्रवी शब्द सोयीचाच!

आपला ‘खालसा’ अरबीतून आला. ‘खालिस’ म्हणजे निर्भेळ. जिचा वसूल मधल्या जहागीरदाराविना थेट सरकारात जाई, ती जमीन खालसा. आजच्या अहिल्यानगरने असे धनी पुष्कळ पाहिले. १६३६ मध्ये निजामशाहीचा मुलूख मोगल आणि आदिलशहाने वाटून घेतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कंपनी आली. १८४८ मध्ये साताऱ्याला तर लढाईही लागली नाही. दत्तक वारस नाकारला, राज्य ‘जोडले’. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र सातारा ‘खालसा झाले’ असेच असते, आणि ते वाचताना निर्भेळपणा कुणाच्याच मनात येत नाही.