फोन कुणाच्या हातात आहे?



आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला दोन वर्षांपासून वृद्धाश्रमात आहेत. मुलगा आणि सून कुवेतला, इकडे घराला कुलूप. दर जुम्याला व्हिडिओ कॉल होतो. "अम्मी, कशी आहेस?" "बरी आहे बेटा." मुलाला समाधान वाटतं.

मागच्या महिन्यात मी न कळवता भेटायला गेले. खालांचे ओठ सुकले होते. पाणी दिलं तर दोनच घोट घेतले. पुन्हा पुन्हा विचारल्यावर हळूच म्हणाल्या, "पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं. उठवलं की बाई ओरडते. परवा तर हात पिरगळला." मनगटावर निळा डाग होता. "मग फोनवर सांगितलं का नाही?" "फोन तिच्याच हातात असतो ना!"

सूरह बनी इस्राईलच्या 23व्या आयतीत म्हाताऱ्या आईबापांना 'उफ' म्हणण्याचीही मनाई आहे. आपण म्हणत नाही. पण ज्यांना पगार देऊन ही खिदमत सोपवली, ते काय म्हणतात याची विचारपूस कोण करणार? मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडची कितीतरी मुलं आखातात आहेत. आईला वृद्धाश्रमात ठेवलं म्हणून त्यांना नावं ठेवू नयेत. मात्र पैसे पाठवले की जबाबदारी संपली, असं होत नाही.

मी त्या बाईशीही बोलले. रात्री अठरा म्हाताऱ्या माणसांमागे ती एकटी. उचलायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून हात पिरगळणं माफ होत नाही. पण नुसती तिला काढली तर उद्या दुसरी येईल आणि तीही थकेल. ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमांतल्या हालांची शाही आयोगाने चौकशी केली. 2021च्या अहवालानंतर तिथे प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किती मिनिटं सेवा मिळालीच पाहिजे, हे ठरवून देण्यात आलं. 2023मध्ये ती सरासरी 200 मिनिटं होती. आपल्याकडे वृद्धाश्रमांच्या नोंदणीची तरतूद असलेलं विधेयक 2019 साली लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे लक्ष आपणच ठेवायला हवं.

आश्रम निवडताना फरशी आणि बाग नंतर पाहा. आधी विचारा: रात्री किती माणसं असतात? त्यांना शिकवलं कुणी? महिन्यातून एकदा तरी नातेवाईक, शेजारी किंवा जमातीतलं कुणी न कळवता जाऊ द्या. आईशी एकांतात बोला. हातपाय, पाठ आणि टाचा पाहा. घाबरून गप्प होणं, एकाएकी वजन उतरणं, पाणी टाळणं, या खुणा "वय झालं" म्हणून सोडू नका. आणि सेवा करणाऱ्या बाईचं नाव विचारा, तिला सलाम करा. जिला माणूस म्हणून वागवलं जातं, तिला दुसऱ्याला माणूस म्हणून वागवणं सोपं जातं.

मारहाण झाली असेल तर डॉक्टरकडून नोंद करून घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या. सल्ल्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. मुलंच आईबापांना विचारत नसतील, तर 2007च्या कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचं टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खालांच्या मुलाने त्याच रात्री व्यवस्थापकांना लेखी तक्रार पाठवली. त्या बाईला खालांच्या खोलीतून हलवलं, रात्रीसाठी दुसरी मदतनीस आली. खालांच्या उशाशी आता त्यांचा स्वतःचा साधा फोन आहे. गेल्या जुम्याला त्यांनीच मला फोन केला. बोलता बोलता मध्येच थांबल्या.

"काय झालं खाला?"

"काही नाही गं. पाणी पितेय."