कुलूप म्हणजे टंचाई नव्हे

"पाटणात भाड्यानं खोली मिळत नाही. मागणी जास्त, घरं कमी." तहसील कचेरीत, कोर्टात, कॉलेजात बदलून आलेला प्रत्येक जण हेच सांगतो. मागणी खरी आहे. घरं कमी आहेत, हे मात्र मला मान्य नाही. संध्याकाळी कुठल्याही आळीतून चालत जा आणि कुलपं मोजा. माथाडी कामाला मुंबईला गेलेल्यांची दारं गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. एरवी पाटणच्या पावसात भिंतींना ओल धरते, चौकटींना वाळवी लागते. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे 1 कोटी 10 लाख घरं रिकामी निघाली. घर रिकामं आहे म्हणून ते भाड्याला आहे असं होत नाही.

मालक म्हणतात, "भाडेकरू एकदा शिरला की घर गेलं." या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. ती मुंबईच्या चाळींतून गावी आली. 1947 च्या कायद्यानं तिथली भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या दराशी बांधून ठेवली होती. पण 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम 24 नुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो, आणि दुप्पट दरानं भरपाईही.

"अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?" हा तर सरळ गैरसमज आहे. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोडून काढायचं ओझं मालकावर येतं. म्हणजे घर जाईल या धास्तीनं जो तोंडी बोलीवर खोली देतो, तोच आपली बाजू लंगडी करून घेतो. भाडेकरूचेही हालच. मी अशा बोलीवर राहिलोय. पावती मागितली, तर महिन्याभरात खोली सोडावी लागली.

आमच्या आळीतलं एक घर बरीच वर्षं बंद होतं. दोन वर्षांपूर्वी मालकांनी नोंदणी करून ते एका शिक्षिकेला दिलं. यंदा जूनमध्ये माजघरात गळू लागलं, तेव्हा बाईंनी त्याच रात्री मालकांना मुंबईला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी गडी बोलावून घर शाकारून घेतलं. शेजारचं घर बंदच आहे. त्याचा आढा गेल्या पावसात खाली आला.