काळ्या टी-शर्टवरून मुलाची पारख करू नका

गेल्या पालकसभेत एका वडिलांनी पिशवीतून काळा टी-शर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवला. छातीवर आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा एडी, दात विचकणारा सांगाडा. “मॅडम, आमच्या घरात देवाधर्माचं वातावरण आणि हा असलं काहीतरी घालून फिरतो. नक्की वाईट नादाला लागलाय.” मुलगा अकरावीचा. हजेरी चोख, प्रात्यक्षिकाची वही वेळेवर पुरी, कुठल्या भांडणात नाव नाही. त्याच्याविरुद्धचा सगळा पुरावा म्हणजे तो टी-शर्ट.

मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि विद्यार्थिदशेपासून हेवी मेटल ऐकते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानातून आणलेल्या कॅसेट आणि धोबीतलावच्या रंगभवनात तेव्हा भरणारा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव, यांवर माझा कान घडला. त्यामुळे ‘व्यसनी’, ‘हिंसक’, ‘सैतानाचे पूजक’ ही विशेषणं कुणी मेटलच्या श्रोत्यांबद्दल सहज उच्चारली की मला गप्प बसवत नाही. या संगीतानं जेवढं नुकसान केलं असेल, त्याहून कितीतरी जास्त त्याच्या श्रोत्यांवरच्या संशयानं केलं आहे.

अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात वेस्ट मेम्फिस इथे १९९३ मध्ये आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचा खून झाला. गाव हादरलं आणि बोट गेलं डेमियन एकॉल्सकडे. गरीब घरातला, काळे कपडे घालणारा, मेटॅलिका हा मेटल बँड ऐकणारा १८ वर्षांचा मुलगा. खटल्यात त्याचे कपडे, त्याचं वाचन, त्याची आवड यांचा संबंध सैतानी पंथाशी जोडला गेला. १९९४ मध्ये त्याला देहदंडाची आणि त्याच्याबरोबरच्या दोघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढे तपासलेला डीएनए या तिघांशी जुळला नाही. २०११ मध्ये सरकारी पक्षाशी तडजोड होऊन ते सुटले, तेही निर्दोषत्वाचा शिक्का न मिळता. तिघांची अठरा वर्षं तुरुंगात गेली आणि मुलं गमावलेल्या घरांनाही खात्रीचं उत्तर मिळालं नाही.

इंग्लंडमधल्या बेकप गावात २००७ मध्ये सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आपल्या मित्रासोबत बागेतून जात होती. दोघांचा पेहराव गॉथ पद्धतीचा, म्हणजे काळ्या कपड्यांचा. टोळक्यानं आधी मित्राला मारलं. त्याला वाचवायला ती आडवी पडली, तेव्हा तिलाही लाथांनी तुडवलं. ती त्यातून वाचली नाही. वेगळं दिसणं एवढाच तिचा अपराध होता. इंग्लंडमधल्या ब्लडस्टॉक या मेटल महोत्सवाच्या एका रंगमंचाला आज तिचं नाव आहे. ज्यांना आपण हिंसक समजतो, त्यांनीच तिची आठवण जपली आहे.

मग या संगीतात आहे तरी काय? माझ्या वर्गात तारांची कंपनं शिकवताना मी टोनी आयोमीची गोष्ट सांगते. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून या सतरा वर्षांच्या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी झाला. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली आणि पुढे तारा ढिल्या केल्या, म्हणजे दाबताना त्रास कमी. सोनोमीटरवर वजन कमी केलं की तारेची वारंवारता उतरते, तेच इथे झालं. स्वर खाली आला, जड झाला. त्याआधीच १९७० मध्ये त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम निघाला होता आणि हेवी मेटलची सुरुवात तिथून मानली जाते. एका कामगार मुलाच्या जिद्दीतून हा नाद जन्मला आहे.

गाण्यांचे विषयही पाहा. ब्लॅक सॅबथनं व्हिएतनाम युद्धाच्या काळात युद्धखोर सत्ताधाऱ्यांना गाण्यातून धारेवर धरलं. आयर्न मेडननं इंग्रजी कवी कोलरिजच्या दीर्घ कवितेवर तेरा मिनिटांहून मोठं गाणं रचलं. आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडनं २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अख्खा अल्बम विष्णूच्या अवतारांवर केला. या बँडचा गायक साहिल मखीजा स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो. घरातल्या देवाधर्माच्या वातावरणाची काळजी करणाऱ्या पालकांनी हे एवढं जरूर ऐकावं.

काळी बाजू मी नाकारत नाही. नॉर्वेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल या उपप्रकारातल्या काही वादकांनी चर्च जाळली, खूनही केले. काही बँडच्या गाण्यांत बायकांविषयी असं काही असतं की मी ते ऐकत नाही आणि विद्यार्थ्यांना त्याचं कारण सांगते. मैफलीच्या आवाजानं कान कायमचे बिघडू शकतात, म्हणून माझ्या पर्समध्ये कानात घालायचे बोळे असतात. पण मूठभरांच्या गुन्ह्यासाठी लाखो श्रोत्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, हा कुठला न्याय?

या गर्दीतली शिस्त मी डोळ्यांनी पाहिली आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात आलं होतं. रंगमंचासमोर पोरं एकमेकांना धडका देत नाचत होती आणि त्यात एकाचा चष्मा पडला. क्षणात पाच-सहा जणांनी पाठी बाहेरच्या बाजूला करून कडं केलं, दोघांनी वाकून मोबाइलच्या उजेडात जमीन चाचपली. चष्मा सापडला, तो त्याच्या नाकावर चढवला आणि कडं मोडून नाच पुन्हा सुरू. पडलेल्याला आधी उचलायचं, हा तिथला नियम कुठेही लिहिलेला नाही आणि मी तो मोडलेला पाहिलेला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २०१५ मध्ये मेटलसारखं आक्रमक संगीत नेहमी ऐकणाऱ्या ३९ तरुणांना आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग निम्म्यांना आपल्या आवडीचं संगीत ऐकू दिलं, निम्म्यांना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. चिडचिड ओसरली आणि उभारी आली. अभ्यास लहान आहे, पण माझे विद्यार्थी मला जे सांगतात त्याच्याशी तो जुळतो. परीक्षेचा ताण, घरातली भांडणं, जातीवरून किंवा रंगावरून ऐकलेले टोमणे, यांचा निचरा व्हायला या मुलांना एक जागा मिळते. ती जागा काढून घेतली तर राग जातो कुठे, याचा विचार कुणी करत नाही.

मुलांवर लक्ष ठेवूच नका, असं मी म्हणत नाही. मूल जेवेनासं झालं, मित्र तुटले, अभ्यास सुटला, झोप उडाली, स्वतःला इजा करून घ्यायला लागलं, तर तातडीनं समुपदेशकाकडे जा. ही लक्षणं गझल ऐकणाऱ्या मुलातही तेवढीच गंभीर असतात. टी-शर्टवर ती छापलेली नसतात.

त्या वडिलांना मी जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. आज रात्री मुलाजवळ बसा. त्याच्या आवडीचं एक गाणं त्यालाच लावायला सांगा, त्याचे शब्द काय आहेत ते समजावून घ्या आणि तो बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. गाणं नाही आवडलं तर खुशाल तसं सांगा. पण मुलाविषयीचं मत मुलाशी बोलूनच बनवा.