बायकांची गाडी

धुळ्यात एक जुनी कायनेटिक होंडा विकायला आहे. मोबाइलवर तिचा फोटो फिरू लागल्यापासून आम्हा जळगावच्या शौकिनांत खल सुरू आहे. रंग कंपनीचाच आहे का? बेल्ट, रोलर मिळतील का? ॲव्हरेज किती? एकाने शेरा मारला, 'बायकांची गाडी ती, घेऊन करणार काय?'

मला तो शेरा टोचला. पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडासोबत 1984 मध्ये ही स्कूटर आणली. तेव्हा चेतकचे गिअर डाव्या मुठीत होते, किक मारून दम लागे. इथे बटण दाबले की इंजिन सुरू. दोन पुल्या आणि एक बेल्ट. वेग वाढला की रोलर बाहेर सरकतात आणि गिअरचे काम आपोआप होते. हॉलंडच्या डॅफ मोटारीत 1958 पासून अशाच बेल्टची युक्ती होती.

आमची खाला उर्दू शाळेत शिकवायची. बुरखा सावरत किक मारणे तिला जमायचे नाही. ही गाडी आली आणि शाळेत सोडायला घरातल्या पुरुषाची वाट पाहणे संपले. मोहल्ल्यात थोडे दिवस कुजबुज झाली. मग शेजारणीच तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या.

ज्यांना किक आणि क्लच अडवत होते, त्यांच्यासाठी ही गाडी रस्ता मोकळा करून गेली. शेरा मारणाऱ्या मित्राला मी एवढेच म्हटले: होय, बायकांची गाडी. म्हणूनच ती जपायला हवी. घेणाऱ्याने रंगाची चौकशी जरूर करावी; ती चालवायचे कोण, हेही एकदा विचारावे.