खोडरबर नसलेली वही

टॉर्चचा सेल फोडून पाहिलाय कधी? (नका फोडू, हात काळे होतात!) त्या काळ्या पुडीत मँगनीज डायऑक्साइड असतं. त्याचं खनिज आपल्या भंडारा जिल्ह्यातच, डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघतं.

मँगनीज किती टक्के, यावर खनिजाचा भाव ठरतो. समजा, प्रयोगशाळेत दोन ढिगांचे नमुने तपासले आणि दोन्ही फायलींना ‘नमुना’ असंच नाव दिलं. दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसली, की पहिला आकडा गेलाच! म्हणून यंत्राचा संगणक नमुन्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ जोडून आपणच नाव देतो.

आणि कुणी मुद्दाम ४४ चे ४६ केले तर? कोणी, केव्हा, कशाचं काय केलं, हे संगणक गुपचूप टिपून ठेवतो. जुना आकडाही पुसत नाही. याला म्हणतात ‘ऑडिट ट्रेल’. हजेरीपटात बाई चुकीवर एकच रेघ मारून सही करतात ना, अगदी तसं. औषध कंपन्यांच्या संगणकातल्या नोंदींसाठी अमेरिकेने १९९७ साली तसा नियमच केला.

मात्र एकच पासवर्ड चौघांत फिरू लागला, की ही हुशार वहीही फसते. नोंदीत नाव येतं एकाचं, आकडा बदलणारा असतो भलताच!