नैवेद्यातले डाळिंब

श्रीगजाननाच्या पत्रीत डाळिंबीचे पान असते आणि नैवेद्याच्या पाच फळांत बहुधा डाळिंबही. आपल्या चौरंगावरचे हे फळ पुष्कळदा 'भगवा' वाणाचे असते. हा वाण अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची देणगी. योगायोग असा, की त्याच्या मूळ संकरात एक वाण 'गणेश'च होता! पुण्याच्या गणेशखिंडीतला तो मऊ बियांचा, पण फिकट दाण्यांचा. रशियातून आलेल्या 'गुल-ए-शाह रेड'शी त्याचा संकर केला गेला, आणि त्यातून निवडलेल्या वाणास हा गडद रंग लाभला.

हा रंग केवळ शोभेचा नव्हे. शरीर प्राणवायू वापरते तेव्हा काही अस्थिर रेणू निर्माण होतात. ते वाढले की पेशींस इजा होते. दाण्यांना लाली देणारी अँथोसायनिन द्रव्ये अशा रेणूंना निष्प्रभ करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

म्हणून या गुणाच्या गोळ्यांमागे धावावे काय? आम्हांस ते मान्य नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष आला, तो गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळल्याचा.

फळ खावे हेच बरे. पण ते खाते कोण? आदल्या दिवशी हरितालिकेचा उपवास केलेली माउली डाळिंब सोलते, दाणे पाहुण्यांच्या वाट्यांत जातात, आणि तिच्या वाट्याला उरतो तो निवलेला चहा. यंदा प्रसादाची पहिली वाटी घरच्या मंडळींनी तिच्या हाती द्यावी, एवढीच आमची विनंती.