विश्लेषण : ई-पुस्तक तुमचे, पण किल्ली कोणाकडे?

दुकानातून आणलेले छापील पुस्तक कोणत्या चष्म्यातून वाचायचे, हे दुकानदार ठरवत नाही. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र साधारण तसेच घडते. पुस्तक कोणत्या उपकरणावर उघडेल, किती ठिकाणी ठेवता येईल आणि केव्हा नाहीसे होईल, हे विकणारी कंपनी ठरवू शकते. या व्यवस्थेला पर्याय म्हणून कॅलिबर, केओरीडर यांसारखी सॉफ्टवेअर कोणत्याही पुस्तक-दुकानाच्या आश्रयाविना उभी राहिली. ती कोण बनवते आणि वाचकाला त्यांचा उपयोग कुठपर्यंत होतो?

प्रश्न आता का ऐरणीवर आला?

ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ रोजी किंडलची एक जुनी सोय बंद केली. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून यूएसबी केबलने किंडलमध्ये टाकता येत असे. वाय-फाय नसलेल्या जुन्या उपकरणांना आणि आपल्या पुस्तकांची प्रत स्वतःजवळ जपणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा होता. त्याच सुमारास अमेरिकेतील किंडल दुकानात, ग्राहक मजकुराचा परवाना विकत घेत आहे, असे खरेदीच्या वेळीच नमूद होऊ लागले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याला डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असे लिहिताना ते ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. म्हणजे मालकी मिळत नाही, ही गोष्ट नवी नव्हती. ती ठळक अक्षरांत दिसू लागली एवढेच.

घेतलेली पुस्तके खरोखर नाहीशी होतात?

झाली आहेत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या प्रती दूरवरून पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत मिळाले. पण वाचकाच्या हातातल्या उपकरणातून पुस्तक काढून घेता येते, हे त्यातून सिद्ध झाले. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांना जाहीर माफी मागावी लागली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा विकलेली सर्व पुस्तके उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले, पुस्तके नाही.

स्वतंत्र सॉफ्टवेअरची सुरुवात कशी झाली?

सोनीने २००६ मध्ये पीआरएस-५०० हे ई-वाचक उपकरण आणले, पण ते लिनक्स संगणकाशी जोडायची सोय दिली नाही. अमेरिकेत कॅलटेकमध्ये भौतिकशास्त्राचे संशोधन करणारे भारतीय वंशाचे कोविद गोयल यांनी ती स्वतः लिहायला घेतली. सोनीच्या फाइलची गुप्त रचना इतर वाचकांच्या मदतीने उलगडण्यात आली आणि २००८ मध्ये या सॉफ्टवेअरला ‘कॅलिबर’ हे नाव मिळाले. पुस्तकांचा संग्रह लावणे, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात बदलणे, उपकरणात टाकणे ही सर्व कामे ते विनामूल्य करते.

केओरीडरचा उगम किंडलवर पीडीएफ नीट वाचता यावी, या गरजेत आहे. आज ते कोबो, पॉकेटबुक, अँड्रॉइड अशा अनेक उपकरणांवर चालते. या दोन्हींचा मूळ कोड खुला आहे. त्यामुळे तो कोणालाही तपासता, सुधारता आणि मूळ लेखकाने काम थांबवले तर पुढे चालवता येतो.

मग अडते कुठे?

इथे स्वरूप आणि कुलूप या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘ईपब’ हे २००७ पासूनचे खुले मानक आहे. ईपब फाइल म्हणजे ढोबळमानाने एका गाठोड्यात बांधलेली वेबपाने. मानक जाहीर असल्याने कोणीही वाचनाचे सॉफ्टवेअर लिहू शकतो. २०१७ पासून वेबची मानके ठरवणारी ‘डब्ल्यू थ्री सी’ ही संस्था त्याची देखभाल करते.

पण त्याच फाइलवर विक्रेत्याने ‘डीआरएम’, म्हणजे डिजिटल कुलूप लावले, की ती ठरावीक ॲपमध्येच उघडते. कॅलिबर असे कुलूप स्वतःहून तोडत नाही. किंडलवर केओरीडर बसवायचे तर आधी उपकरणातील कंपनीचे निर्बंध मोडावे लागतात आणि पुढच्या अद्ययावतीकरणात ती फट बुजवली जाऊ शकते. म्हणजे स्वतंत्र सॉफ्टवेअर स्वरूपाची अडचण सोडवते, परवान्याची नाही.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे आणि त्याची साधने पुरवणे, हाच स्वतंत्र गुन्हा आहे. त्याखाली २००१ मध्ये दिमित्री स्क्लारोव्ह या रशियन प्रोग्रामरला लास व्हेगासमध्ये अटक झाली. ॲडोबीच्या ई-पुस्तकांचे कुलूप काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्याने काम केले होते. पुढे त्याच्यावरील आरोप मागे घेतले गेले आणि २००२ मध्ये ज्युरीने त्याच्या कंपनीलाही निर्दोष ठरवले.

भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ‘६५ अ’ हे कलम घातले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. इथे हेतूला महत्त्व आहे आणि कायद्याने मनाई न केलेल्या कामांना वाव ठेवला आहे. त्याच दुरुस्तीने, अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्याला सूट दिली. दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला.

मराठी वाचकाचा यात संबंध काय?

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. त्याआधी आणि नंतरही मराठी ई-पुस्तक म्हणजे बहुधा पीडीएफ, तीही अनेकदा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली. अशा फाइलमध्ये अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीनांचे वाचक-सॉफ्टवेअर ती धड वाचू शकत नाही.

युनिकोडमध्येही अडचणी उरतात. जोडाक्षरे, ‘दऱ्या’मधला अर्धा र, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हे नीट दिसायचे तर फॉन्ट आणि सॉफ्टवेअर दोघांना देवनागरीची जाण लागते. बंद ॲपमध्ये असा दोष राहिला तर तो केव्हा दूर करायचा, हे कंपनीच्या बाजारगणितावर ठरते. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी मराठी जाणणारी प्रोग्रामर तो स्वतः दुरुस्त करून सर्वांना देऊ शकते.

कुलूप काढले तर चोरी वाढणार नाही?

मराठी प्रकाशकांची ही भीती अनाठायी नाही. पुस्तकांच्या पीडीएफ समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. पण छापील पुस्तक स्कॅन करणाऱ्याला हे कुलूप अडवत नाही. अडतो तो पैसे मोजणारा वाचक. विज्ञानकथा प्रकाशित करणाऱ्या ‘टॉर’ने २०१२ मध्ये ई-पुस्तकांवरील कुलूप काढले आणि वर्षभराने, चोरीत लक्षणीय वाढ दिसली नाही असे सांगितले. त्याच वर्षी हॅरी पॉटरची ई-पुस्तके कुलपाऐवजी खरेदीदाराची अदृश्य खूण घालून विकण्यात आली. मराठीत हाच अनुभव येईल असे नाही. पण मधला मार्ग आहे.

मर्यादा कोणत्या?

मनुष्यबळाची सर्वात मोठी. कॅलिबरचा भार आजही मुख्यतः गोयल यांच्यावर आहे. पायथन या संगणकभाषेची जुनी आवृत्ती २०२० मध्ये निवृत्त झाली, तेव्हा कॅलिबरचा अवाढव्य कोड नव्या आवृत्तीवर नेण्याचे किचकट काम मोजक्याच लोकांना करावे लागले. असे प्रकल्प देणग्या आणि फावल्या वेळावर चालतात. फुकट मिळते म्हणून ते बिनखर्ची नसते.

त्यामुळे केवळ सॉफ्टवेअर उतरवून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. ई-पुस्तक घेण्याआधी वाचकाने दोन गोष्टी विचाराव्यात : फाइल माझ्या हाती येणार का आणि तिला कुलूप आहे का? प्रकाशकांनी मजकूर युनिकोडमधील ईपबमध्ये तयार ठेवला, तर दुकान बंद पडले तरी पुस्तक दुसरीकडे उघडेल. आजोबांच्या कपाटातले पुस्तक नातीला वाचता येते, कारण त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मराठी ई-पुस्तकाला तेवढे आयुष्य मिळणार का, हे आज ते कोणत्या स्वरूपात विकले जाते यावर ठरेल.